सहा पराभवांचा हिशेब

बास्केटबॉलच्या मैदानावर एका वेळी दोन्ही पक्षांचे मिळून दहा गडी खेळत असतात; परंतु जयापजयाचा जमाखर्च मांडताना लोक बहुधा एकाच नावाचे खाते उघडतात. अमेरिकेत गेली वीसहून अधिक वर्षे हे खाते लेब्रॉन जेम्सच्या नावावर आहे. त्याच्या कर्तृत्वाविषयी तेथील क्रीडारसिकांत दोन तट पडले आहेत. एक तट त्याला या खेळातील सर्वश्रेष्ठ पुरुष मानतो. दुसरा म्हणतो, गुणांच्या राशी त्याने घातल्या हे खरे. परंतु ऐन कसोटीच्या वेळी त्याचा हात आखडतो. पुरावा म्हणून एकच आकडा पुढे केला जातो: दहा अंतिम मालिका, चार विजय, सहा पराभव. त्याच्या शेजारी मायकेल जॉर्डनचा आकडा ठेवला जातो: सहा मालिका, सहा विजय. वरवर पाहता वादाला जागाच उरत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या एन. बी. ए. या स्पर्धेत अजिंक्यपदाचा निकाल एका सामन्यात लागत नाही. अंतिम फेरी जास्तीत जास्त सात सामन्यांची असते आणि जो संघ चार सामने आधी जिंकतो, तो विजयी ठरतो. तेव्हा सहा पराभव म्हणजे सहा चुका नव्हेत; त्या सहा निरनिराळ्या लढाया आहेत, आणि प्रत्येकीचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा.

ओहायओ राज्यातील अ‍ॅक्रन गावी 1984 साली जन्मलेला हा खेळाडू शाळेतून थेट व्यावसायिक खेळात आला आणि 2003 मध्ये घराजवळच्याच क्लीव्हलँड शहराच्या संघात दाखल झाला. 2007 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने त्या संघाला प्रथमच अंतिम फेरीत नेले. तेथे सॅन अँटोनिओच्या अनुभवी संघाने चारही सामने जिंकले. 2010 च्या जुलैमध्ये त्याने दूरचित्रवाणीवरील एका खास कार्यक्रमात आपण मायामीस जात असल्याचे जाहीर केले. क्लीव्हलँडमध्ये त्याच्या नावाचे सदरे जाळण्यात आले. त्याच्या खेळाविषयीच्या वादात नीतीचा वाद मिसळला तो या दिवसापासून.

पुढल्याच वर्षी टीकाकारांना हवा तो पुरावा मिळाला. 2011 च्या अंतिम मालिकेत डॅलसविरुद्ध मायामीचा संघ दोन सामने जिंकून एकाने आघाडीवर होता. चौथ्या सामन्यात जेम्सने अवघे 8 गुण केले. त्या मालिकेत त्याची सरासरी 17.8 वर घसरली आणि मायामीने अजिंक्यपद गमावले. या पराभवाचे समर्थन करता येत नाही, आणि त्याच्या चाहत्यांनी ते करूही नये. प्रश्न एवढाच, की त्या दिवसांत नेमके काय उणे पडले? धैर्य, की विद्या? टोपलीजवळ, प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून खेळण्याची कला त्याला पुरेशी अवगत नव्हती. दुरून धावत येण्याची वाट अडवली गेली, की दुसरी वाट त्याच्यापाशी नसे. त्या उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला गेला आणि या कलेचा थोर जाणकार हकीम ओलाजुवोन याच्याकडे शिष्यासारखा शिकला. 2012 च्या जूनमध्ये बोस्टन येथे, हरल्यास स्पर्धेतून बाहेर पडण्याची वेळ आलेली असताना, त्याने 45 गुण केले आणि 15 वेळा टोपलीवरून उसळलेला चेंडू ताब्यात घेतला. त्या वर्षीचे अजिंक्यपद मायामीने पटकावले. मनुष्याचे काळीज एका वर्षात बदलत नाही. परंतु अभ्यास बदलतो. दडपण सोसण्याची शक्ती म्हणून ज्या गुणाचा गौरव होतो, त्यात अभ्यासाचा वाटा फार मोठा असतो.

याउलट 2015 चा पराभव पाहावा. तो आता क्लीव्हलँडला परतला होता. कायरी अर्व्हिंग आणि केव्हिन लव्ह हे दोन प्रमुख सहकारी जायबंदी झाले असता त्याने गोल्डन स्टेटविरुद्ध सरासरी 35.8 गुण केले आणि मालिका सहाव्या सामन्यापर्यंत नेली. 2018 च्या मालिकेतील पहिल्या सामन्यात त्याने 51 गुण केले. बरोबरी असताना त्याच्या सहकाऱ्याने शेवटचे क्षण चेंडू हाती ठेवून घालवले आणि जादा वेळेत सामना हातचा गेला. हे दोन पराभव 2011 च्या पंक्तीस बसवणे हा न्याय नव्हे.

दैवाचा भागही या हिशेबात आहे, आणि तो दोन्ही बाजूंना आहे. 2013 च्या सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी जेम्सचा नेम चुकला. चेंडू ख्रिस बॉशच्या हाती आला, त्याने तो रे अ‍ॅलनकडे दिला आणि अ‍ॅलनने पाच सेकंद उरले असताना बरोबरी साधली. मायामी तो सामना जिंकली आणि सातव्यात जेम्सने 37 गुण केले. अ‍ॅलनचा चेंडू टोपलीच्या कडेला लागून बाहेर पडला असता, तर आज चारांचे तीन झाले असते आणि सहांचे सात.

जॉर्डनच्या निष्कलंक आकड्यालाही एक तळटीप हवी. 1985, 1986 आणि 1987 या तिन्ही वर्षी त्याचा शिकागो संघ बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर गारद झाला. आरंभीच हरणाऱ्याच्या नावावर अंतिम पराभव चढत नाही. शेवटच्या दारापर्यंत जाणाऱ्याच्या नावावर मात्र चढतो. जॉर्डनचे थोरपण याने तिळमात्र उणे होत नाही, पण मोजण्याच्या मापातील दोष उघड होतो.

2016 साली क्लीव्हलँड तीन विरुद्ध एक असा पिछाडीवर पडला. समोर त्या हंगामात 73 सामने जिंकलेला गोल्डन स्टेट संघ होता, आणि अशा पिछाडीवरून अंतिम मालिका तोवर कोणीही जिंकली नव्हती. त्यानंतरचे दोन्ही सामने क्लीव्हलँडने जिंकले. त्या दोहोंत जेम्सने प्रत्येकी 41 गुण केले. पाचव्या सामन्यात प्रतिपक्षाचा ड्रेमंड ग्रीन शिक्षेमुळे बाहेर होता, हे टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. सातव्या सामन्यात मात्र तो होता. 89-89 अशी बरोबरी आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना आंद्रे इगुडाला टोपलीकडे झेपावला. जेम्स मागून धावत आला आणि त्याने तो चेंडू फळीवरच अडवला. विजयाचे तीन गुण मात्र त्याने केले नाहीत. ते अर्व्हिंगने केले. क्लीव्हलँडला 1964 नंतर प्रथमच मोठ्या खेळाचे अजिंक्यपद लाभले, आणि ज्या शहरात त्याचे सदरे जळले होते, तेथेच त्याची मिरवणूक निघाली.

2011 चा ठपका जेम्सच्या माथी राहील, आणि तो राहावा. परंतु सहाही पराभव एकाच कलमाखाली घालणारा हिशेबनीस मैदानाकडे न पाहता केवळ वहीकडे पाहतो. जो हरल्यावर पुन्हा शिकायला बसला, त्याच्या खात्यावर ते शिक्षणही जमेस धरले पाहिजे.