चादर ओली का निघते?

रेल्वेच्या एसी डब्यात कागदी पाकिटातून चादर हाती येते, तेव्हा तिला इस्त्री कुणी केली असेल हा प्रश्न सहसा मनात येत नाही. मोठ्या लाँड्रीत त्यासाठी जे धूड असतं, त्याला आम्ही कॅलेंडर म्हणतो. भिंतीवरच्या कॅलेंडरशी त्याचा संबंध नाही. खाली पन्हळीसारखा खोलगट पोलादी बेड, आतून वाफेने तापलेला. त्यात बसून फिरणारा रोलर, त्यावर पॅडिंग आणि फेल्ट. घरी इस्त्री फिरते आणि कपडा पडून असतो, इथे उलटं.

या मशीनची नेहमीची तक्रार एकच: चादर ओलसर निघते. ऑपरेटर काय करतो? वेग कमी करतो. माझं सांगणं एवढंच, की वेगाच्या बटणाला हात शेवटी लावा. आधी मशीनच्या मागे जा.

एका लाँड्रीत महिनाभर असाच वेग उतरत गेला होता. बेडच्या मागे वाकून पाहिलं, तर स्टीम ट्रॅपला चक्क हात टेकवता येत होता. एरवी हात भाजायला हवा! ट्रॅपचं काम वाफ अडवायची आणि तिचं झालेलं पाणी बाहेर सोडायचं. तो तुंबला की पाणी बेडमध्येच साचतं. साधारण 8 बार दाबाची वाफ 175 अंशांची असते आणि एक किलो वाफ पाणी होताना सुमारे 2000 किलोज्यूल उष्णता देते. तेच एक किलो पाणी 10 अंशांनी निवलं, तर जेमतेम 44. आता अशा पाण्यावर चादर वाळणार कशी? ट्रॅप उघडून जाळी साफ केली, आतला कचरा काढला आणि वेग पूर्वपदावर आला. तेव्हापासून हाताऐवजी तापमापक गन वापरा असं सांगतो. ट्रॅपच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा वहीत लिहून ठेवा.

दुसरा संशयित म्हणजे पॅडिंग. ते दबलं की रोलरचा घेर कमी होतो, बेडला तो नीट टेकत नाही. दोन-तीन रोलरच्या मशीनमध्ये पुढचा रोलर चादर किंचित ओढत राहायला हवा. मागचं पॅडिंग नवं आणि पुढचं जुनं असेल, तर मधेच चादर गोळा होते. म्हणून पॅडिंग बदलल्यावर प्रत्येक रोलरचा घेर टेपने मोजायचा. उशीचे अभ्रे कायम मधोमध घालू नका. मधला भाग झिजतो आणि रिकाम्या कडा करपतात. अभ्रे कधी डावीकडून, कधी उजवीकडून जाऊ द्या.

कोळशाच्या इस्त्रीखाली केळीचं पान फिरवताना काहींनी पाहिलं असेल. इथे तेच काम मेण करतं. मेणाचं फडकं गरम बेडवरून एकदा जाऊ द्यायचं आणि पाठोपाठ एक जुनी चादर, जादा मेण पुसून घ्यायला. मेण जास्त झालं तर फेल्ट कडक होतो आणि धूर निघतो.

चादर पिवळी पडली तर दोष इस्त्रीला देण्याआधी धुलाई तपासा. खळबळताना साबणाचा क्षार राहिला, की उष्णतेने तो पिवळा उमटतो. ओल्या चादरीवर पीएचचा कागद टेकवा, लगेच कळेल.

सुट्टी झाली म्हणून गरम बेडवर रोलर टेकवून घरी जाऊ नका. वाफ बंद करा, रोलर उचला आणि ताप 80 अंशांच्या आसपास येईपर्यंत फिरता ठेवा. एक्झॉस्टच्या नळीतला तंतूंचा कचराही काढत चला. तो वाळलेल्या कापसासारखा पेटतो.

आणि रोज सकाळी, पहिली चादर घालण्यापूर्वी, रोलरसमोरची फिंगर गार्डची पट्टी हलकेच ढकलून पाहा. रोलर तिथल्या तिथे थांबला पाहिजे. नाही थांबला, तर मशीन बंद ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.