सम्यक् स्मृती आणि आपला संताप
(एका बौद्ध सभेत दिलेले भाषण)



धम्म स्वीकारताना आपण पंचशील ग्रहण केले. परंतु शील ग्रहण करणे आणि क्षणोक्षणी ते पाळणे यांत अंतर आहे. ते अंतर तोडण्यास अष्टांगिक मार्गातील सातवे अंग, सम्यक् स्मृती, आपल्या उपयोगी पडते. आपल्या शरीरात व चित्तात या क्षणी काय घडत आहे, याचे जागते भान म्हणजे स्मृती.

हा अभ्यास शिकण्यास दूर जावे लागत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची १० दिवसांची शिबिरे भरतात. पहाटे चारला उठावयाचे, मौन पाळावयाचे. प्रथम केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावयाचे. चौथ्या दिवसापासून अंगावरील संवेदना तटस्थपणे न्याहाळावयाच्या. निवास, भोजन व शिकवण यांचे शुल्क नाही. पूर्वीच्या साधकांच्या दानावर सारे चालते.

यात आपला लाभ कोणता? मी वकील आहे, म्हणून न्यायालयातील उदाहरण देतो. उलटतपासणीत साक्षीदाराला मुद्दाम डिवचले जाते. तो संतापला की भलतेच बोलून जातो आणि खरी बाजू लंगडी पडते. परंतु संतापाची पहिली खूण शरीरातच उमटते. श्वास जलद होतो, कानशिले तापतात. ती खूण ज्याला ओळखता आली, त्याला उत्तरापूर्वी एका श्वासाची सवड मिळते. हीच सवड मुलावर उगारलेला हात आवरते आणि गुत्त्याकडे वळलेले पाऊल थांबवते.

कोणी म्हणेल, ही तर मुकाट्याने सोसण्याची शिकवण झाली. मुळीच नाही! तटस्थ राहावयाचे ते स्वतःच्या संतापाविषयी, अन्यायाविषयी नव्हे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांच्याही पाठीशी आहे. लोकांदेखत जातीवरून अपमान झाल्यास फिर्याद अवश्य द्या. मात्र फिर्यादीत स्थळ, वेळ, उच्चारलेले शब्द आणि हजर असलेली माणसे नेमकी सांगावी लागतात. संतापाने भरलेल्या डोक्यात हा तपशील टिकत नाही.

ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून शिबिरास जाऊ नये. इतरांनी घरची व कामाची व्यवस्था लावून एकदा अवश्य जावे, आणि परतल्यावर अभ्यास सोडू नये. दहा दिवसांत केवळ प्रारंभ होतो. खरी कसोटी घरी, कामावर आणि चावडीवर लागते.