दूध कोणाच्या वाट्याला?



आहारावर बोलण्याचा अधिकार वैद्यांचा. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. तथापि विषय आपल्या स्वयंपाकघरातला आहे, म्हणून उभे राहिलो आहोत.

नाशिककरांना भाजीपाल्याची ददात नाही. मेथी-पालकाच्या जुड्या घरी आल्या की आपल्या शाकाहारी ताटात काही उणे नाही, अशी आपली समजूत होते. परंतु ब-१२ हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू तयार करतात. भाजी, धान्य वा डाळ यांतून ते मिळत नाही. शाकाहारी घरात त्याची वाट एकच : दूध, दही, ताक.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. पालेभाज्यांतील फोलेट त्यांच्यात जवळजवळ कोणालाच कमी नव्हते. ब-१२ मात्र सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींत अपुरे आढळले. ज्यांचे फोलेट अधिक व ब-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. मधुमेहाची वाट तिकडूनच जाते. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

आता हिशेब पाहा. प्रौढास दिवसाला सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ लागते, गर्भवतीस किंचित अधिक. पेलाभर दुधात ते साधारण एक मायक्रोग्रॅम असते. आपल्या घरी तो पेला शाळकरी मुलाला मिळतो, रात्री कर्त्या पुरुषाला मिळतो. सुनेच्या वाट्यास चहातले दोन चमचे दूध येते. उपास मात्र तिचेच अधिक, आणि साबुदाण्यात ब-१२ नाही!

वृद्धांच्या हातापायांस मुंग्या आल्या की आपण वातावर ढकलतो. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते. तोवर मज्जातंतूंची झालेली हानी नेहमीच भरून येते असे नाही. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी अधिक सावध असावे. नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंचा बिघाड आत चालूच राहतो. यास्तव वैद्यांस विचारून ब-१२ घ्यावे.

मंडळाच्या पुढील आरोग्यशिबिरात गर्भवती व साठीवरील सभासदांच्या रक्तातील ब-१२ तपासावे, ही आमची सूचना. दुसरी सूचना आजच्या भोजनाची. शेवटच्या पंगतीसाठी दही-ताक आधीच वेगळे काढून ठेवावे; त्या पंगतीस वाढणाऱ्या स्त्रिया बसतात.