दुखणाईत माणसाचा विमानप्रवास

पूर्वीं घरांतील दुखणाईत माणसाला परगांवीं न्यावयाचें म्हटलें कीं, पहिला प्रश्न वैद्याच्या संमतीचा, दुसरा वाहनाचा आणि तिसरा सोबतीचा असे. आज विमानाचा प्रवास मध्यम स्थितींतील कुटुंबांच्याहि आटोक्यांत आला, आणि या तीन प्रश्नांत चौथ्याची भर पडली. तो प्रश्न म्हणजे विमानतळावरील काउंटरचा. डॉक्टरांनीं होकार दिला, तिकीट हातीं आलें, सोबतहि मिळाली. तरी काउंटरपलीकडील माणसानें रुग्णाकडे एकवार पाहून "थांबा, वरिष्ठांना विचारून सांगतों" असें म्हटलें, कीं सारा बेत अधांतरीं लोंबूं लागतो. हा प्रसंग कां येतो, विमान कंपनीचें म्हणणें काय असतें, प्रवाशाचा हक्क कोणता आणि घरच्या मंडळींचें कर्तव्य कोणतें, या गोष्टींचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

नाशिककरांना हा विचार विशेष अगत्याचा आहे. शहरापासून सुमारें वीस किलोमीटरांवर ओझरचा विमानतळ आहे. तेथील धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची; हा कारखाना १९६४ सालीं मिग विमानांच्या बांधणीसाठीं स्थापन झाला. प्रवाशांसाठीं इमारत २०१४ सालीं तयार झाली, आणि २०१७ च्या अखेरीस 'उडान' योजनेखालीं तेथून प्रवासी विमान निघालें. परंतु लेकाकडे किंवा लेकीकडे परदेशीं जावयाचें, तर बहुतेकांना मुंबईच गांठावी लागते, आणि मुंबई येथून सुमारें १७० किलोमीटर दूर आहे. जून २०२५ मध्यें समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटाचा त्रास टाळतां येतो, हें खरें. तथापि तीनचार तास मोटारींत अवघडून बसलेलें वृद्ध माणूस काउंटरपुढें येतें, तेव्हां त्याची निम्मी शक्ति वाटेंतच खर्ची पडलेली असते. चेहरा उतरलेला, श्वास लागलेला, पाय सुजलेले. काउंटरवरील माणूस त्याला प्रथमच पाहत असतो, आणि जें पाहतो त्यावरूनच तो आपला तर्क बांधतो.

हा तर्क नेहमीं निराधार असतो असें मात्र नाहीं. विमान पस्तीस हजार फूट उंचीवरून जात असतां आंतील हवेचा दाब यंत्रांच्या साह्यानें राखलेला असतो. पण तो समुद्रसपाटीवरील दाबाइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर हवा जशी विरळ असते, तशीच ती विमानाच्या पोटांत असते. नाशिक शहराची उंची सुमारें दोन हजार फूट, आणि महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची सुमारें ५४०० फूट. म्हणजे खुर्चींत स्वस्थ बसलेला प्रवासीहि कळसूबाईच्या माथ्यापेक्षां उंच जागीं तासन् तास बसलेला असतो. निरोगी माणसाच्या रक्तांतील प्राणवायु तेथें थोडा उतरतो, आणि त्याला त्याची जाणीवहि होत नाहीं. परंतु ज्याचें हृदय दुबळें आहे, फुप्फुसें जुन्या विकारानें झिजलीं आहेत, किंवा रक्तच फार कमी आहे, त्याच्या हातीं शिल्लक मुळांतच थोडी असते. जें इतरांना थोडें, तें त्याला पुष्कळ होतें.

दुसरी गोष्ट शरीरांत कोंडलेल्या हवेची. बंद पोकळींतील हवा या उंचीवर सुमारें तीस टक्क्यांनीं फुगते. फुप्फुसाबाहेर छातींत हवा सांठली असेल, पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, अथवा डोळ्यांत उपचारासाठीं वायु भरला असेल, तर ही फुगवण घातक ठरूं शकते. तिसरी गोष्ट, आंतील हवा फार कोरडी असते; आणि चौथी, एकाच जागीं फार वेळ बसल्यानें पायांच्या शिरांत रक्ताची गांठ धरण्याचा संभव वाढतो. या सर्वांवर कळस असा कीं, आभाळांत दुखणें उलटलें तर जवळ रुग्णालय नसतें.

विमानाचा धंदा करणाऱ्यांना ही जाणीव प्रथमपासून होती. १५ मे १९३० रोजीं अमेरिकेंत एलन चर्च ही बाई प्रवाशांच्या सेवेसाठीं विमानांत चढली. जगांतील पहिली हवाई सेविका म्हणून तिचें नांव घेतलें जातें. ती शिकलेली परिचारिका होती, आणि तिच्याबरोबर नेमलेल्या इतर तरुणीहि परिचारिकाच होत्या. चहाफराळ देणें हें काम खरें. पण घाबरलेल्या आणि आजारी प्रवाशाजवळ जाणतें माणूस असावें, हा मूळ हेतु होता. पुढें विमानें मोठीं झालीं, प्रवासी वाढले, आणि परिचारिकेची जागा नियमांनीं घेतली. नियम आवश्यकच आहेत. पण नियमाला डोळे नसतात, ते माणसाला वापरावे लागतात.

ते न वापरल्यास काय होतें, हें १९ फेब्रुवारी २०१२ रोजीं दिसून आलें. मेंदूच्या पक्षाघातानें जन्मापासून अधू असलेल्या जिजा घोष या कलकत्त्याच्या कार्यकर्त्या गोव्यास निघाल्या होत्या. मुंबईच्या 'अडॅप्ट' या संस्थेनें गोव्यांत भरविलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचें त्यांना निमंत्रण होतें. स्पाइसजेट कंपनीच्या विमानांत त्या आपल्या जागीं बसल्याहि होत्या. तेथून त्यांना उतरविण्यांत आलें, आणि परिषद त्यांना अंतरली. घोषबाई व 'अडॅप्ट' यांनीं सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. १२ मे २०१६ रोजीं न्यायालयानें निकाल दिला, आणि कंपनीनें त्यांना दहा लक्ष रुपये भरपाई द्यावी असा हुकूम केला. त्यांना उतरविण्यापूर्वीं कंपनीनें वैद्यकीय सल्ला घेतला नव्हता, या गोष्टीवर निकालाचा मोठा भर होता. रुग्णाईत असणें व अपंग असणें या दोन भिन्न अवस्था आहेत. बाईंना कोणताहि आजार नव्हता, केवळ चालण्याबोलण्याची ढब निराळी होती. पाहणाऱ्यानें ढबेलाच दुखणें मानलें.

तरीहि तोच प्रकार मे २०२२ मध्यें रांची येथें घडला. एका अपंग मुलाला इंडिगो कंपनीनें विमानांत घेतलें नाहीं. सरकारच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें चौकशी करून कंपनीला पांच लक्ष रुपये दंड केला, आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत नियमांत दुरुस्ती केली. तिचा आशय प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणासहि प्रवास नाकारतां येत नाहीं. उड्डाणांत प्रवाशाची प्रकृति बिघडेल अशी कंपनीला शंका आली, तर डॉक्टरानें त्या प्रवाशाला समक्ष तपासून तो प्रवासास योग्य आहे कीं नाहीं, तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. आणि त्यानंतरच कंपनीनें निर्णय घ्यावा. नकार दिल्यास तो सकारण व लेखी दिला पाहिजे. तात्पर्य, काउंटरवरील माणसाला शंका घेण्याचा अधिकार आहे. रोगनिदान करण्याचा नाहीं.

हक्काची बाजू अशी असली, तरी कर्तव्याची बाजू घरांतून सुरू होते. पुष्कळ घरांत प्रवासाच्या आदल्या रात्रीं एक ठरीव संभाषण होतें. मुलगा बायकोला बजावतो, "आईच्या दम्याचें तिथें कांहीं बोलूं नकोस, बोललीस कीं बसूं द्यायचे नाहींत." मग सासूबाईंना ठेवणींतलें लुगडें नेसवितात, खोकला आवरायला सांगतात, आणि काउंटरपुढें चार पावलें ताठ चालावयास लावतात. हेतु वाईट नसतो. नातवाचें बारसें किंवा भावाची शेवटची भेट चुकूं नये, एवढीच तळमळ असते. पण लपविलेलें दुखणें उंचीवर लपत नाहीं. ज्या विमानसेविकेनें मदतीला धांवावयाचें, तिलाच कांहीं ठाऊक नसतें. शिवाय काउंटरवर तें उघड झालें, तर आधीं निष्कारण घेतलेल्या संशयाला आतां कारण मिळतें. लपवून मिळविलेली जागा ही रुग्णाच्या जिवावर काढलेलें कर्ज होय.

मोकळेपणानें जावयाचें, तर तयारी लागते. मदतीची गरज उड्डाणापूर्वीं निदान ४८ तास आधीं कंपनीला कळवावी, आणि कळविल्याचा लेखी पुरावा जवळ ठेवावा. प्राणवायु लागत असेल, नुकतेंच रुग्णालय सोडलें असेल, किंवा प्रवासांत विकार बळावण्याची भीति असेल, तर कंपनी आपला वैद्यकीय फॉर्म मागते. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच भरून घ्यावा. 'प्रकृति ठीक आहे' एवढी एक ओळ निरुपयोगी असते. रोगाचें नांव, शस्त्रक्रियेची तारीख, चालू औषधें आणि प्रवासास योग्य असल्याचा निर्वाळा, हें सर्व एका कागदावर, अलीकडच्या तारखेचें आणि सहीशिक्क्यासह असावें.

औषधें सदैव हातांतील पिशवींत ठेवावींत. सामानाच्या पेटींत गेलेलें इन्सुलिन थंडीनें गोठून वायां जाण्याचा संभव असतो, आणि पेटी वेळेवर येईलच याची हमी नसते. घरचें प्राणवायूचें नळकांडें बहुधा चालत नाहीं. त्याऐवजीं विजेच्या घटांवर चालणारें लहान यंत्र कंपनीची पूर्वसंमति घेऊन नेतां येतें, आणि प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतके घट पुष्कळ कंपन्या मागतात. हे घटहि हातसामानांतच न्यावयाचे असतात. हृदयांत पेसमेकर असल्यास सुरक्षारक्षकाला तें अगोदर सांगून हातानें तपासणी करण्याची विनंती करावी. देशांतर्गत विमानांचा काउंटर सामान्यतः उड्डाणापूर्वीं एक तास बंद होतो. शंका निघून डॉक्टर बोलवावा लागला तर त्याला वेळ मिळावा, म्हणून रुग्णासह तीन तास आधीं पोंचावें. आणि मुंबईहून पहांटेचें विमान असेल, तर नाशिकहून रातोरात निघण्यापेक्षां आदल्या दिवशीं जाऊन मुक्काम करावा हें उत्तम.

आतां एक शेवटची गोष्ट. १२ फेब्रुवारी २०२४ रोजीं न्यूयॉर्कहून एक वृद्ध दांपत्य मुंबईस उतरलें. दोघांनींहि चाकांची खुर्ची मागितली होती, मिळाली एकच. पत्नी खुर्चींत बसली, आणि ऐंशी वर्षें वयाचे पतिराज तिच्याशेजारून चालत निघाले. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबण्यास त्यांना सांगितलें होतें, असें एअर इंडियाचें म्हणणें पडलें. पण पत्नीची सोबत सोडणें त्यांना रुचलें नाहीं. वाटेंतच ते कोसळले, आणि त्यांचा प्राण गेला. कंपनीला तीस लक्ष रुपये दंड झाला. दंडाचा न्याय झाला तो योग्यच. परंतु विमानतळावर खुर्ची मागणाऱ्या प्रत्येकानें या घटनेचा क्षणभर विचार करावा. रांग टळावी, सामान वाहणारा माणूस आयता मिळावा, एवढ्यासाठीं धडधाकट मंडळीहि खुर्ची मागतांना दिसतात. खुर्च्या आणि त्या ढकलणारे हात मोजकेच असतात. एकानें सोयीसाठीं घेतलेली खुर्ची ही दुसऱ्याच्या निकडीतून वजा होत असते.

सारांश, या प्रश्नांत तीन पक्ष आहेत, आणि तिघांनीहि परस्परांशीं खरें वागल्याशिवाय तो सुटत नाहीं. कंपनीनें रूपावरून निवाडा न करतां वैद्याला विचारावें; घरच्यांनीं दुखणें झांकूं नये; आणि निरोगी प्रवाशानें आजाऱ्याची खुर्ची अडवूं नये. राहतें तें दुखणाईत माणूस. काउंटरपाशीं त्याच्याविषयींचें सारें बोलणें त्याच्या डोक्यावरून चाललेलें असतें, जणूं तें माणूस नसून एक अवघड गांठोडें आहे. त्याला सर्व ऐकूं येत असतें. म्हणून कागद पुढें करण्यापूर्वीं त्याच्याकडे वळून, "आई, हे विचारताहेत, तुम्हीच सांगा," एवढें तरी म्हणावें. तें माणूस आपल्या दुखण्याचें वर्णन आपल्या तोंडानें करूं लागलें, कीं काउंटरपलीकडील माणसालाहि समोर प्रवासी दिसूं लागतो.