इंग्रजीची भीती कशाला?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात केलेले भाषण)



बक्षिसे मिळविणाऱ्या मुलामुलींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. मात्र या प्रसंगी मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आठवण होते. दहावीला इंग्रजीत तिला चांगले गुण होते. नोकरीच्या मुलाखतीत तिला 'व्हेअर डू यू लिव्ह?' एवढेच विचारले. उत्तर तिला ठाऊक होते. पण 'लिव्ह' म्हणावे की 'लिव्हिंग', या विचारात ती गप्प राहिली आणि नोकरी हुकली. ती अज्ञानाने हरली नाही, भीतीने हरली.

मुलांनो, ही भीती खरोखर अनाठायी आहे. मराठीत आपण मी पितो, मी पिते, तू पितोस, ती पिते, ते पितात, अशी कितीतरी रूपे न चुकता बोलतो. ती कोणी पाठ करून घेतली नाहीत. इंग्रजीत त्या जागी दोनच रूपे आहेत: 'ड्रिंक' आणि 'ड्रिंक्स'. ज्याने अवघड घाट चढला, त्याने टेकडीला का भ्यावे?

फरक आहे तो रचनेचा. मराठीत काय किंवा उर्दूत काय, क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. 'मी चहा पितो' याचे 'आय ड्रिंक टी' होते. प्रश्न विचारताना आपण शेवटी 'का' लावतो, इंग्रज आरंभी 'डू' किंवा 'डज' लावतो. 'शी ड्रिंक्स टी' याचा प्रश्न 'डज शी ड्रिंक टी?' असा होतो. 'ड्रिंक्स'मधला 'स' कोठे गेला? तो 'डज'ने उचलला. एक ओझे दोघांनी वाहायचे नसते. म्हणूनच 'डिड यू वेंट' चूक आणि 'डिड यू गो' बरोबर. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्म्या चुका टळतील.

आता शब्दांविषयी. इंग्रजी शब्द सगळेच परके नाहीत. 'कॉटन' आणि 'मॅगेझीन' अरबीतून गेले. 'अल्जेब्रा' हा ९ व्या शतकातील अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथनामातील 'अल-जब्र' होय. 'शुगर' तर आपल्या शर्करेपासून निघून फारसी-अरबीच्या वाटेने तिकडे पोहोचली.

परंतु शब्दांच्या नुसत्या याद्या घोकू नका. 'बॉरो' आणि 'लेंड' यादीतून पाठ केले की उलटसुलट होतात. शेजारच्या घरून वाटीभर साखर आणली ते 'बॉरो', आपण दिली ते 'लेंड', असे शिकलात तर जन्मभर विसरणार नाही. रोज पाच शब्द घ्या, प्रत्येकाचे आपल्या घरातल्या गोष्टीवर एक वाक्य करा आणि ते मोठ्याने म्हणा.

पालकांना आणि शिक्षकांना एकच विनंती. मूल 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणाले तर हसू नका. एकदा हसलात की ते तोंड मिटते आणि पुढे मुलाखतीतही मिटलेलेच राहते. आधी त्याला बोलू द्या, चूक मागाहून हळूच दुरुस्त करा.

आपली भाषा सोडा, असे मी मुळीच म्हणत नाही. तिच्याच आधाराने ही दुसरी शिका. अल्लाह आपल्या मुलांना यश देवो, अशी दुआ करून आपली रजा घेतो. खुदा हाफिज.