विश्वासाने दिलेली माहिती
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



गेली वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांची नावं, नंबर, पत्ते साठवणाऱ्या प्रणाली बनवणं हे माझं रोजचं काम. म्हणून आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीचं काम समितीने माझ्याकडे दिलं. त्या यादीबद्दल बोलण्याआधी एका वकिलाबद्दल सांगते.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण. जन्म १९४१चा. मुंबईत त्यांनी कामगार कायद्याची वकिली केली. १९९० मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १९९२-९३च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारा आयोग आपल्याला त्यांच्याच नावाने माहीत आहे. २००६ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले.

२०१७ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा हा विषयच नव्हता. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वर्षभरात, जुलै २०१८ मध्ये, समितीचा अहवाल आला.

या अहवालातली एक कल्पना मला फार आवडते. आपली माहिती घेणारी कंपनी तिची मालक नव्हे, विश्वस्त. देवस्थानचे विश्वस्त असतात, तशी. मला वाटतं, हे कामगार कायद्यातल्या माणसालाच सुचावं. मालक आणि कामगार करारावर सही करतात, पण दोघांची ताकद सारखी नसते. मोबाईलवर ‘मान्य आहे’ दाबताना आपलीही तीच गत असते. पनवेलमध्ये फ्लॅट बघायला गेलात, साइट ऑफिसात नंबर लिहिलात, की गृहकर्जाचे फोन सुरू होतात. आपल्याला कुणी विचारलेलं नसतं.

पुढे सरकारने मसुद्यात स्वतःला मोठी सूट घेतली, तेव्हा त्यावर जाहीर टीका करणाऱ्यांत श्रीकृष्णच पुढे होते. कायदा अखेर २०२३ मध्ये झाला. विश्वस्ताची कल्पना त्यात टिकली, सरकारची सूटही टिकली. माहिती सुरक्षित न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

आता आपली यादी. आपल्यासारख्या मंडळाला हा कायदा कितपत लागू होतो, तो वाद वकिलांवर सोडू. पण विश्वस्त तर आपणही आहोत. म्हणून अर्जात फोन, पत्ता आणि जन्मतारीख यांसाठी वेगवेगळ्या चौकटी ठेवल्या आहेत. जिथे खूण नसेल, ते छापायचं नाही. यादी कुणालाही, अगदी प्रायोजकालाही, द्यायची नाही. नाव काढा म्हटलं की काढायचं.

काही जण म्हणाले, ‘‘आपल्याच माणसांत एवढं काय गं?’’ आपल्यातल्या एखादीला आपला पत्ता कुणाला कळू नये असं वाटत असेल, तर त्यामागे कारण असतं. ते आपण विचारायचं नाही. तिने निःशंक मनाने पुढच्या मेळाव्याला यावं, एवढंच बघायचं.

अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहेत. जेवायला जाण्याआधी भरा.