टर्बो बसवण्याआधी

मी बरीच वर्षं तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचं तंत्र शिकवलं. त्यामुळे ओळखीची तरुण मुलं अजूनही एक प्रश्न घेऊन घरी येतात. ‘सर, गाडी साधी पेट्रोलची आहे. बाहेरून टर्बो बसवून घेतला तर?’ घाटात आपली गाडी धापा टाकते आणि मागची भुर्रकन पुढे जाते, तेव्हा हा विचार मनात येणारच.

इंजिनाची ताकद आत किती हवा जाते यावर ठरते. साधं इंजिन आपली हवा आपणच ओढून घेतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक लहानसं चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतं.

खरी अडचण इथून पुढे आहे. दाबलेली हवा तापते. साध्या पेट्रोल इंजिनात मिश्रण मुळातच बरंच दाबलं जातं. त्यात ही तापलेली हवा भरली, की मिश्रण अवेळी भडकतं. इंजिनातून टकटक ऐकू येते आणि पुढे पिस्टन, गॅस्केट जातात. कारखाना टर्बोची गाडी बनवतो तेव्हा पिस्टन, ऑइलचा पुरवठा, हवा थंड करणारा इंटरकूलर, इंधन मोजणारा संगणक हे सगळं त्या हिशेबानेच करतो. आपण नुसता टर्बो आणला, तर हे सारं मागोमाग आणावं लागतं. मग क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्याने दिलेला आणि आरसीत नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून त्याची नोंद करून घेता येते. तशी वाट कायद्यानेच ठेवली आहे. गॅरेजमध्ये जुळवलेल्या टर्बोला ती वाट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मुलं म्हणतात, ‘बॉनेट उघडून कोण बघतं?’ रस्त्यात कदाचित कुणी बघणार नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर नक्की बघतो. पॉलिसी आरसीतल्या गाडीची असते. न कळवलेला फेरफार सापडला, की आपल्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि समोरचा माणूस जखमी झाला असेल तर? थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो त्याच्यासाठीच. पण पॉलिसीच्या अटी मोडल्याचं ठरलं, तर कंपनीने त्याला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. ती रक्कम लाखांत जाते, आणि बहुतेक वेळा गाडी असते वडिलांच्या नावावर.

मग करायचं काय? आधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग, क्लचप्लेट, टायरमधली हवा तपासा. एखादा ब्रेक धरून बसलाय का, तेही पाहा. पुष्कळदा गाडीची गेलेली ताकद इथेच सापडते. तरीही कमी वाटलं, तर कारखान्यातूनच टर्बो घेऊन येणाऱ्या लहान पेट्रोल गाड्या आता सहज मिळतात. जुनी विकून ती घ्यावी. हौस शर्यतीचीच असेल, तर ती गाडी वेगळी ठेवावी, बंदिस्त ट्रॅकवरच पळवावी आणि तिथवर लादून न्यावी.

कुणी ‘काही होत नाही हो’ म्हणालं, तर आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा. उत्तर कागदावर घ्या. काही होत नाही म्हणणारा माणूस त्या कागदावर सही करत नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)